चौथी चादर

त्या घरात सासूबाई आणि नाना एकमेकांशी बोलत नसत, आणि हे माहीत नाही असा माणूस त्या गल्लीत शोधूनही सापडला नसता. भांडण फोटोवरून झालेलं. मुलाच्या लग्नात सगळं गणगोत फोटोसाठी ओळीने उभं असताना नाना बायकोला म्हणाले होते, "तू जरा मागे हो, अख्खा फोटो तूच भरून टाकलायस." फोटोग्राफर हसला. व्याही हसले. ज्यांना ऐकूच आलं नव्हतं तेही, सगळे हसतायत म्हणून हसले. सासूबाई मागे झाल्या त्या अशा, की पुन्हा नानांच्या वाऱ्याला उभ्या राहिल्या नाहीत.

त्यामुळे सूनबाईने या घरात पाऊल टाकलं आणि तिच्या वाट्याला पहिलं काम आलं ते निरोप पोचवायचं. "नानांना विचार, चहा घेणार का." नाना तिथेच, हात लांब केला तर लागतील इतक्यावर, पेपरात डोकं घालून. सूनबाई वळून विचारायची, "नाना, चहा?" नाना म्हणायचे, "तिला सांग, कालच्यासारखा पांचट नको." सूनबाई पुन्हा वळायची. सुरुवातीला तिची मान दुखायची, मग मानेलाही सवय झाली. दोघं आपापल्या खोलीत असले की मधल्या दिवाणखान्यातून तिच्या येरझाऱ्या चालायच्या. निरोप द्यायचा, उत्तर यायला वेळ लागायचा, तोवर पलंगाच्या कडेला टेकायचं, गुडघा कसा आहे ते विचारायचं, आणि मग उठायचं.

निरोपात फेरफार करायची सोय नव्हती. एकदा सासूबाई म्हणाल्या, "त्यांना सांग, मला कंटाळा आलाय, भाजी तुम्हीच आणा." सूनबाईने त्यात थोडा गोडवा मिसळून सांगितलं, "आई म्हणतात, तुम्ही भाजी फार छान निवडून आणता." नाना चष्म्यावरून बघत म्हणाले, "असं ती म्हणाली नाही. म्हणजे, तिला सांग, की ती असं म्हणाली नाही."

नाना गाडी चालवायच्या परीक्षेचे परीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. पहिल्या खेपेला त्यांनी कधी कुणाला पास केलं नाही असा त्यांचा लौकिक. पोटच्या मुलालाही केलं नाही. निवृत्तीनंतर हा लौकिक त्यांनी घरात चालू ठेवला. भाजी, पंखा, सून, बातम्या वाचणारी बाई, सगळ्यांना त्यांच्या लेखी दुसऱ्यांदा यावं लागायचं. त्यांचे चिरंजीव, म्हणजे सूनबाईचा नवरा, लिफ्ट दुरुस्त करायचा. अडकलेल्या माणसांना "घाबरू नका, दोन मिनिटांत निघाल" असं सांगायची त्याला इतकी सवय जडली होती, की घरातल्या कुठल्याही भानगडीवर तो हेच वाक्य टाकायचा आणि चप्पल घालून बाहेर पडायचा.

सूनबाई एका फोटोच्या दुकानात कामाला होती. पासपोर्टचे फोटो. "हनुवटी खाली, कान दिसू द्या, हसू नका," हे तिन्ही हुकूम ती झोपेतही सोडायची. मग मालकाने दुकान आवरलं आणि तिथे मोबाइलची कव्हरं विकायला सुरुवात केली. जाताना त्याने तिला जुने दोन दिवे, ट्रायपॉड आणि पाठीमागे लावायचा पांढऱ्या कागदाचा गुंडाळा देऊन टाकला. हे सामान घरी आलं त्याच दिवशी सूनबाईने जाहीर केलं की आपण घरातच स्टुडिओ काढणार. माणसांचे फोटो पुष्कळ झाले, आता वस्तूंचे काढायचे. वस्तू हसत नाहीत, डोळे मिटत नाहीत आणि "यात मी जाड दिसतेय" असं म्हणत नाहीत.

"कुठे काढणार?" सासूबाईंनी विचारलं.

"दिवाणखान्यात."

नानांनी पेपर खाली ठेवला, हे फक्त निवडणुकीचे निकाल लागले की व्हायचं.

"तिला विचार," नाना म्हणाले, "की हिला आम्ही बसायचं कुठे हे कळतंय का."

"त्यांना सांग," सासूबाई म्हणाल्या, "की या एका बाबतीत मला त्यांचं पटतंय."

लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं होतं, आणि झालं ते नेमकं सूनबाईच्या मुळावर. तरी तिने हेका सोडला नाही. वाटाघाटी झाल्या, अर्थात तिच्याच तोंडून. एकाचा मुद्दा दुसऱ्याला सांगायचा, दुसऱ्याने तो खोडून काढला की ते पहिल्याला सांगायचं, आणि दोन्ही मुद्दे आपल्याच विरुद्ध. असा खटला जगात दुसऱ्या कुणी लढला नसेल. शेवटी असं ठरलं की भांडी बनवणाऱ्या एका कंपनीतल्या बाईंनी तिला जे काम देऊ केलं होतं, तेवढं तिने दिवाणखान्यात करून दाखवावं. बाईंनी फोटो पास केले तर खोली कायमची तिची, सोफा आत जाईल आणि दार लावून काम करायची मुभा. नापास केले तर पसारा माळ्यावर, आणि सूनबाई नानांच्या ओळखीच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये फोन उचलायला बसेल. त्या शाळेच्या मालकाला सूनबाईने एकदा पाहिलं होतं. तो बोलताना दात कोरायचा. तिला ही खोली हवी होती, आणि जीव तोडून हवी होती. आपलं म्हणता येईल असं दार तिला आजवर माहेरी मिळालं नव्हतं आणि सासरीही नाही.

चिरंजीव म्हणाले, "घाबरू नका, दोन मिनिटांत निघेल काहीतरी मार्ग." आणि गेले.

मग सूनबाईने दिवाणखान्याचा कायापालट केला. खिडकीला पुठ्ठे ठोकून ऊन बंद केलं. पडद्याच्या दांडीवर कागदाचा गुंडाळा चढवला आणि त्याचं टोक जेवणाच्या टेबलावर सोडलं. टीव्ही सासूबाईंच्या खोलीत गेला. सोफा मात्र इतका अवजड, की तो मागच्या भिंतीला सरकवण्यापलीकडे काही करता येईना. कपडे वाळत घालायचा स्टँड टेबलावर चढला आणि त्यावर पांढऱ्या चादरी पसरून तिने एक तंबू केला. वस्तू आत ठेवायची, दिवे चादरीबाहेरून लावायचे, म्हणजे उजेड मऊ होऊन सगळीकडे सारखा पडतो. चकचकीत भांड्यांना हाच उपाय, नाहीतर त्यांत दिव्याचे गोळे दिसतात.

डावी, उजवी आणि वरची अशा तीन चादरी झाल्या. समोरच्या बाजूला, जिथून कॅमेरा बघणार, तिथे चौथी हवी होती. घरात स्वच्छ पांढरी चौथी चादर एकच, आणि ती सासूबाईंच्या कपाटात.

"ती पाहुण्यांची आहे," सासूबाई म्हणाल्या.

"आपल्याकडे पाहुणे येतात कुठे?"

"येत नाहीत म्हणूनच ती पांढरी राहिलीय."

सूनबाईने नाद सोडला. खोलीत अंधार आहे, समोरचा अंधार भांड्यात पडेल, त्याची एक काळी पट्टी उमटेल आणि स्टीलला उलट उठावच येईल, असा तिने हिशेब केला. हिशेब अगदीच चुकीचा नव्हता. फक्त त्या अंधारात सोफा होता, हे ती विसरली.

आणि सोफ्यावर दोघंही होते. टीव्ही बायकोच्या खोलीत गेल्यामुळे नाना उघड्यावर पडले होते, म्हणून ते देखरेख करायला आले. नाना देखरेख करतात म्हटल्यावर सासूबाईही आल्या. दोघं सोफ्याच्या दोन टोकांना, मध्ये तिसरा माणूस आडवा झोपेल एवढी जागा सोडून बसले.

"एकच सांगते," सूनबाई म्हणाली. "कमी उजेडात फोटोला वेळ लागतो. कुणी उठलं, चाललं, की जमीन हलते आणि फोटो हलतो. बसायचं तर गुपचूप बसा."

"हे तिला सांग," नाना म्हणाले. "माझ्याने जमीन हलत नाही."

सासूबाईंनी नाक उडवलं. सूनबाई काळा शर्ट घालून टेबलासमोर वाकली, कॅमेऱ्यामागे उकिडवी बसली आणि कामाला लागली. पातेली, डबे, ओगराळी, आणि शेवटी कंपनीची लाडकी, टपोऱ्या पोटाची किटली. मागून कधी खसखस ऐकू आल्यासारखं झालं, पण तिला वाटलं उंदीर असेल. किटली तिने सगळ्या बाजूंनी फिरवून टिपली. कॅमेऱ्याच्या एवढ्याशा पडद्यावर फोटो देखणे दिसत होते. किटलीच्या पोटावर मधोमध काळी पट्टी उमटलेली, अगदी तिच्या हिशेबाप्रमाणे. तिने फोटो पाठवून दिले आणि त्या दिवशी ती गाणं गुणगुणत जेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीतल्या बाईंचा फोन आला.

"फोटो सुरेख आहेत हो," बाई म्हणाल्या. "पातेल्यांना तोड नाही. पण तुमच्या किटलीत दोन माणसं बसलीयत."

"माणसं?"

"एक आजोबा, एक आजी. आमच्या ऑफिसात सगळ्यांनी बघितली. आजोबा फारच गमतीचे आहेत. पण किटली विकायची म्हणजे ती रिकामी हवी ना? उद्या दुपारपर्यंत नवीन द्या, नाहीतर मला दुसरीकडे विचारावं लागेल."

सूनबाईने फोन ठेवला. तिने संगणक लावला, किटलीचा फोटो उघडला आणि काळी पट्टी मोठी करत नेली. पट्टीत सोफा दिसला. चादरीतून झिरपलेला उजेड नेमका त्याच्यावर पडला होता. पहिल्या फोटोत दोघं दोन टोकांना होते. पुढच्यात नाना मधल्या रिकाम्या जागेत सरकलेले. त्यापुढच्यात त्यांचं तोंड सासूबाईंच्या कानाशी, आणि सासूबाई तोंडावर हात दाबून हसताना हलल्यामुळे पुसट झालेल्या. त्याच्याही पुढच्यात नाना चक्क सोफ्यावर ओणवे झालेले, बूड वर करून, एक डोळा मिटून, हातांचा कॅमेरा करून. ते सूनबाईची नक्कल करत होते. आणि सासूबाई हसून हसून त्यांच्या त्याच उंचावलेल्या बुडावर चापट मारत होत्या.

सूनबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं ती या खोलीतून त्या खोलीत निरोप वाहत होती, पाहुण्यांत मान खाली घालत होती, सणासमारंभात दोघांना दोन टोकांना बसवायची कसरत करत होती, आणि ही दोघं तिची पाठ वळली की बोलत होती. नुसती बोलत नव्हती, तिलाच हसत होती.

तिने दोघांना बोलावलं आणि पडद्यासमोर उभं केलं.

सासूबाईंनी चष्मा लावला. नानांनी काढला.

"नानांना सांग," सासूबाई अखेर म्हणाल्या, "की सांगितलं होतं, हसवू नका म्हणून."

"तुम्हीच सांगा!" सूनबाई ओरडली. "ते इथे उभे आहेत! तुम्ही सांगू शकता, हे आता भांड्याच्या कंपनीतल्या शिपायालासुद्धा माहीत आहे!"

पण इतक्या वर्षांची सवय. सासूबाईंनी नानांकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि मिटलं. सुनेच्या देखत त्यांना शब्द फुटेना.

"कधीपासून?" सूनबाईने विचारलं.

"तू बहिणीकडे गेली होतीस तेव्हापासून," नाना जमिनीकडे बघत म्हणाले. "न्हाणीघरातला नळ फुटला. घरात दोघंच. पाणी उंबऱ्यापर्यंत आलं. आता 'अगं, पाणी बंद कर' हे कुणामार्फत सांगायचं?"

"मग मी परत आले तेव्हा का नाही सांगितलं?"

सासूबाई चष्मा पुसत राहिल्या, आणि पुसून झाल्यावरही पुसत राहिल्या. "तू आलीस," त्या म्हणाल्या, "हातातली बॅगसुद्धा ठेवली नाहीस, आधी माझ्या खोलीत आलीस, माझ्या पलंगावर बसलीस आणि विचारलंस, नानांना काही सांगायचं राहिलंय का. मला नाही म्हणवेना. म्हटलं, हिचे निरोप संपले तर ही कशाला येऊन बसेल आपल्याजवळ? यांचा मुलगा बसतो का?"

मुलगा त्या वेळी दारात उभा होता आणि चप्पल शोधत होता.

सूनबाईला क्षणभर राग कुठे ठेवू आणि कुठे नको असं झालं. पण तेवढ्यात तिचं लक्ष पुन्हा पडद्यावर गेलं आणि तिच्या ध्यानात एक गोष्ट आली. नाना कुठेही बघत होते, पण सासूबाई प्रत्येक फोटोत सरळ किटलीकडे बघत होत्या. एका फोटोत तर त्या केस सारखे करत होत्या.

"आई," ती हळू आवाजात म्हणाली, "तुम्हाला दिसत होतं."

"भांडी घासण्यात जन्म गेला माझा," सासूबाई म्हणाल्या. "भांड्यात तोंड दिसतं हे मला कळत नसेल?"

"तुम्हाला माहीत होतं की फोटो फुकट जाणार. आणि तुम्ही बोलला नाहीत."

"नाही बोलले."

"का?"

"तू पास झालीस की दार लावून बसशील," सासूबाई म्हणाल्या. "खोलीचं मला काय करायचंय? मला ते दार नको होतं."

सूनबाईला रडूही आलं आणि संगणक उचलून आपटावासाही वाटला. त्या दोघांवर तिचा जीव होता, आणि म्हणूनच हे तिला जास्त लागलं. परक्याने पाय ओढला असता तर ती शिव्या घालून मोकळी झाली असती. "तुम्ही मला नापास केलंत," एवढंच ती म्हणाली, आणि गप्प झाली.

गप्प झाली म्हणजे कायमचीच गप्प. त्या क्षणापासून घरात नवा अबोला सुरू झाला, आणि हा खरा होता. आता निरोप पोचवायला घरात एकच माणूस उरला. चिरंजीव चपलेत पाय घालणार तोच बायकोने त्याचा दंड धरला.

"आईंना सांग, उद्या सकाळी सोफ्यावर कुणी बसायचं नाही."

"आई, ती म्हणतेय..."

"ऐकलं मी. तिला सांग, नाही बसणार. आणि तिला विचार, जेवणार का."

"सांग, भूक नाही."

"सांग, भूक नसली तरी ताट वाढलंय."

"नाना विचारतायत, तू डोळे पुसलेस का."

"नानांना सांग, त्यांनी स्वतःचं बूड सांभाळावं."

चिरंजीवांचे डोळे पांढरे झाले. त्या एका संध्याकाळी त्यांना जेवढं बोलावं लागलं तेवढं ते आख्ख्या संसारात बोलले नव्हते. झोपताना ते बायकोला म्हणाले, "तू हे रोज करायचीस?" आणि तिने उत्तर द्यायच्या आत, तिच्या वतीने, स्वतःलाच "हो" म्हणून घेतलं.

सकाळी सूनबाई तंबूसमोर किटली पुसत उभी होती. समोरच्या उघड्या बाजूचं काय करावं हा प्रश्न तसाच होता. तेवढ्यात चिरंजीव आले, मागून सासूबाई. त्यांच्या हातात पाहुण्यांची चादर होती, घडीसुद्धा न मोडलेली, आणि दुसऱ्या हातात कात्री.

"आई विचारतेय," चिरंजीव म्हणाले, "कॅमेऱ्यासाठी भोक केवढं पाडू?"

सूनबाईने चादरीकडे पाहिलं. मग नवऱ्याला म्हणाली, "सांग, बशीएवढं."

सासूबाईंनी चादर उलगडली, मधोमध कात्री घातली आणि गोल कापून काढला. नानांनी एक टोक उचललं, त्यांनी दुसरं. दोघं कॅमेऱ्याच्या दोन बाजूंना चादर ताणून, हात उंच करून, चादरीआड उभे राहिले. नानांचा खांदा दुखरा होता, हे सूनबाईला माहीत होतं, कारण त्याच्या मलमाचे निरोप तीच पोचवायची. ती मुद्दाम सावकाश काम करणार होती. ते तिला जमलं नाही. तिने भराभर फोटो काढले, आणि नानांनी एकदाही हात खाली घेतला नाही. मागून खसखसही आली नाही.

मग तिने किटलीचं पोट पडद्यावर मोठं करून पाहिलं. पांढरं, स्वच्छ, गुळगुळीत. कॅमेऱ्याचा एक बारीक ठिपका होता, तो तिने पुसून टाकला. किटलीत आता कुणी नव्हतं. कंपनीला हवी तशीच झाली होती, आणि सूनबाईला मात्र तिच्याकडे बघवेना.

बाईंचं उत्तर दुपारी आलं. फोटो पास. शिवाय पुढच्या तव्यांचं कामही तिचंच. चिरंजीवांनी मान लांब करून ते वाचलं आणि आत निरोप द्यायला निघाले. दोन दिवसांत ते या कामात तयार झाले होते.

"थांब," सूनबाई म्हणाली. "मी सांगते."

दोघं सासूबाईंच्या खोलीत बसले होते. टीव्ही बंद होता. ती दारात आली तसे नाना खांदा चोळायचे थांबले. सासूबाईंनी पलंगावरची उशी उगाच सारखी केली.

"पास झाले," सूनबाई म्हणाली.

"पहिल्या खेपेला नाही," नाना म्हणाले.

"गप्प बसा हो!" सासूबाई त्यांच्यावर कडाडल्या. "पोरगी पास झालीय, तर गोड बोलता येत नाही तुम्हाला?"

नाना गप्प बसले. सासूबाईंच्या लक्षात आलं की आपण काय केलं, कुणासमोर केलं, आणि त्यांचा चेहरा लालबुंद झाला. सूनबाईकडे कुणाचा निरोप नव्हता, आणि कुणी तिच्याकडे दिलाही नाही. ती पलंगाच्या कडेला टेकली, आणि बराच वेळ तिथेच बसली.